जकूझीच्या पाण्याचा हिशोब शिकवणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

लोणावळा-खंडाळ्याच्या भाड्याच्या बंगल्यांमधल्या जकूझी सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींकडून हे पत्र. तोंडी आभार मानायला गेलो तर तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणत पंपाच्या खोलीकडे वळणार. म्हणून लेखी, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही शिकवलेलं इथे आकड्यांसकट उतरवतोय, म्हणजे हेच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.

पहिले आभार दाटीच्या हिशोबाचे. १,५०० लिटरच्या टबात चौघे बसले म्हणजे माणशी ३७५ लिटर. एक लाख लिटरच्या स्विमिंग पूलमध्ये तेवढीच दाटी करायची तर अडीचशेहून जास्त माणसं उतरवावी लागतील. हे कळल्यावर पूलच्या क्लोरीनच्या डोसाला भागून टबाचा डोस काढणं कोण करेल? शिवाय पाणी ३८ ते ४० अंशांवर, त्यात घाम, लोशन आणि डोक्याचं खोबरेल. गरम पाण्यात एक माणूस तासाभरात साधारण ९ ग्रॅम क्लोरीन खातो, हा तुमचा ढोबळ आकडा. चौघे अर्धा तास बसले की १८ ग्रॅम, म्हणजे १,५०० लिटरमध्ये १२ पीपीएम (लिटरला १२ मिलिग्रॅम). आधी ४ पीपीएम ठेवलं असेल तर ते दहा-बारा मिनिटांत संपतं. म्हणून उतरण्याआधी ३ ते ५ पीपीएम हवंच, आणि पाहुणे उठले की लगेच पुढचा डोस. सकाळवर टाकायचं नाही, कारण रात्रभर झाकलेलं, कोमट आणि क्लोरीन नसलेलं पाणी म्हणजे जंतूंची चंगळ.

दुसरे आभार पिवळ्या थेंबांचं सोंग उघडं पाडल्याबद्दल. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये ऑर्थोटॉलिडिन असतं. पाणी पिवळं झालं की क्लोरीन ‘आहे’ असं सगळे धरून चालतात. पण तो रंग एकूण क्लोरीनचा. घाम-लघवीशी बांधलं गेलेलं, निकामी झालेलं क्लोरीनही त्यातच मोजलं जातं. डीपीडी या गुलाबी रंग देणाऱ्या चाचणीच्या एक नंबरच्या गोळीने मोकळं क्लोरीन कळतं, त्याच नळीत तीन नंबरची टाकली की एकूण. दोन्हींतला फरक ०.५ पीपीएमच्या वर गेला तर शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, द्यायचा. पाहुणे ‘क्लोरीनचा फार वास येतोय’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा मोकळं क्लोरीन कमी पडलेलं असतं. वास त्या बांधलेल्याचा. आणि डीपीडीची एक खोड तुम्ही नळी हातात धरून दाखवली होती: क्लोरीन फारच जास्त असलं की गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो. वाचणारा शून्य समजून आणखी ओततो. शंका आली तर नमुन्यात तेवढंच क्लोरीन नसलेलं पाणी मिसळून पुन्हा मोजायचं आणि आकडा दुप्पट धरायचा. अशा पाण्यात पीएच (पाणी किती आम्ल, हे सांगणारा आकडा) मोजायचं फिनॉल रेडही जांभळट होऊन तो खोटाच जास्त दाखवतं.

पीएच रोज का चढतो, हे तुमच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. जेट आणि ब्लोअर पाण्यात हवा घुसवतात, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच वर जातो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) जितकी जास्त तितकी ही चढण जोरात. डब्यांवर ८० ते १२० पीपीएम लिहिलेलं असतं, पण हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) वापरणाऱ्या टबात ५० ते ८० वर पीएच जास्त टिकतो, हे आता आम्हीही छातीठोकपणे सांगतो. क्रम ठरलेला: आधी अल्कलिनिटी, मग पीएच ७.२ ते ७.८ मध्ये, क्लोरीन शेवटी. १,५०० लिटरला २५ ग्रॅम खायच्या सोड्याने अल्कलिनिटी १० ने वाढते, ३६ ग्रॅम ड्राय ॲसिडने (सोडियम बायसल्फेट) १० ने उतरते. ॲसिडने पीएचही उतरतो, म्हणून ७.२ ला थांबायचं, ब्लोअर चालवून हवेने पीएच वर आणायचा आणि मग पुढचा हप्ता. एका वेळी एकच रसायन, पंप चालू, मध्ये वीस मिनिटं. क्लोरीन टाकल्यावर झाकण तेवढा वेळ उघडंच ठेवायचं, नाहीतर अडकलेली वाफ झाकणाचं अस्तर आणि उशा खाते.

क्लोरीन कुठलं, यावर तुमचं मत कडक आहे आणि आम्हाला ते पटलंय. टीसीसीए ९० च्या, सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या पूलसाठी सर्रास मिळतात, पण टबात नकोत. बाकावर पडून राहिलेली गोळी ॲक्रिलिकचा रंग उडवते, पाणी आम्ल करते आणि हीटर खराब करते. ब्लीचिंग पावडर चुना सोडते. डायक्लोर (दाणेदार क्लोरीन) वापरायला सोयीचं, ५६ टक्क्यांचं २.७ ग्रॅम म्हणजे १,५०० लिटरला १ पीपीएम, पण दर १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठतं. ते उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, आणि क्लोरीनला मंद करतं. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था हॉट टबात सायन्युरिकवालं क्लोरीन नकोच म्हणते. म्हणून भाड्याच्या बंगल्यात पहिल्या दिवसापासून द्रव हायपो. १० टक्क्यांचं असेल तर १,५०० लिटरला १५ मिली म्हणजे १ पीपीएम, शॉकला १५० मिली. घरच्या टबाला डायक्लोर हवंच असेल तर नव्या पाण्यात एकूण ९० ग्रॅमपर्यंत, पुढे हायपो. हायपोचा कॅन उन्हाळ्यात मवाळ होतो. छोटा घ्यायचा, सावलीत ठेवायचा, आणि लेबलवर विसंबण्यापेक्षा डोस दिल्यावर मोजून बघायचं.

पाण्याचं मूळ बघायची सवय तुमचीच. धरणाचं पाणी मऊ, टँकरने आलेलं बोअरचं बहुधा जड. कॅल्शियमची हार्डनेस (जडपणा) १५० ते २५० पीपीएम ठीक. त्याच्या वर गेली की चुना आधी हीटरच्या एलिमेंटवर बसतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. कमी करायला बाटलीतला उपाय नाही, मऊ पाणी मिसळा. फार मऊ पाण्यात फेस होतो. फेस साबणाचाही असतो, धुतलेल्या स्विमिंग कॉस्च्यूममध्ये राहिलेल्या डिटर्जंटचा. फेसमारक टाकून तो तासभर दबतो, एवढंच. आधी साध्या पाण्याने अंघोळ, हाच उपाय. तेल लावलेल्या केसांच्या पाहुण्यांना ते नम्रपणे सांगायचं कसब मात्र तुम्ही शिकवलं नाहीत!

आणि पाइप. दिसणारं पाणी काचेसारखं असलं तरी पाइपच्या आत जंतूंचा चिकट थर असू शकतो. त्यात स्यूडोमोनास वाढला की पाहुण्यांच्या अंगावर, कॉस्च्यूमखाली जास्त, खाजरे फोड येतात. लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू तर तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९ साली नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या चालू टबामुळे त्याची साथ पसरली, लोक दगावले. त्या टबात कुणी बसायला उतरलं नव्हतं. हे ऐकल्यापासून रिकामा बंगला म्हणजे टबाला सुट्टी असं इथे कुणी म्हणत नाही. पाणी बदलण्याआधी लाइन क्लीनर टाकून सगळे जेट आणि ब्लोअर तासभर चालवायचे, करडे पापुद्रे वर आले की रिकामा करायचा, पुसायचा, भरायचा. कधी? लिटरला ११ ने भागायचं, मग रोजच्या सरासरी माणसांनी. १,५०० लिटर, चार माणसं: साधारण ३४ दिवस. फिल्टरची कार्ट्रिज दर आठवड्याला पाण्याच्या फवाऱ्याने, महिन्याला क्लीनरमध्ये भिजवून. आधी तेल काढायचं, मग ॲसिड. उलट केलं तर तेल पक्कं बसतं.

हायपो आणि ॲसिड एका फळीवर ठेवायचे नाहीत, हे आता प्रत्येक पंपाच्या खोलीत पाळलं जातं. दोन्हींचा संगम झाला की क्लोरीन वायू. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडरला एकच मग वापरला तर आग. आता दोन्हींचे मग वेगळे केलेत, रंगही वेगळे.

पुढच्या खेपेला डीपीडीच्या तीन नंबरच्या गोळ्या आणि फिनॉल रेड घेऊन या. आहे त्या बाटलीची मुदत संपत आलीय. पैसे लगेच देऊ, आणि या वेळी चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.

आपले,
टब सांभाळणारी मंडळी