शिकाऊ उमेदवाराला शिकवतंय कोण?

मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

मी आयटीआयचा निवृत्त शिल्पनिदेशक. फिटर ट्रेड, म्हणजे यंत्राचे भाग घासून, जुळवून बसवण्याचं काम, शिकवण्यात उभी नोकरी गेली. आजही जुनी मुलं भेटायला येतात, आपल्या धाकट्या भावांना घेऊन येतात आणि विचारतात, "सर, अप्रेंटिसशिप करू का?" मी दरवेळी "कर" म्हणतो. मात्र अलीकडे म्हणताना मन खातं, म्हणून हे पत्र.

1961 चा शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कायदा गरीब घरातल्या मुलासाठी मोठा आधार आहे. दहावी झालेल्या मुलाला आयटीआयची दोन वर्षं बिनकमाईची काढता येत नसतील, तर तो आधी मूलभूत प्रशिक्षण घेऊन थेट कारखान्यात शिकू शकतो. दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हातात पडतं. आयटीआय झालेल्या फिटरलाही वर्षभराच्या उमेदवारीनंतर हेच प्रमाणपत्र मिळतं. कमावता कमावता देशभर चालणारी पात्रता मिळवण्याचे असे मार्ग फार नाहीत.

पण प्रमाणपत्रामागे शिक्षण हवं. फिटरच्या मुलाला आम्ही लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासायला लावतो. माप 0.04 मिलिमीटरच्या आत आलं पाहिजे. काटकोन तपासणारा ट्राय स्क्वेअर लावायचा, तुकडा खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. खांदे भरून येतात, मुलं वैतागतात, पण एक दिवस हात बसतो. पुढचं कारखान्यात शिकायचं असतं: बेअरिंग काढून नवं बसवणं, शाफ्टचं अलाइनमेंट, हायड्रॉलिक लाइनमधली गळती शोधणं, नुसत्या आवाजावरून गिअरबॉक्सचं दुखणं ओळखणं. हे आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कितीही ठरवलं तरी शिकवता येत नाही. त्याला चालू मशीन लागतं आणि शेजारी एक जाणता कारागीर लागतो.

माझा एक विद्यार्थी पुण्याजवळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि बराच काळ पॅकिंग लाइनवर खोकी चिकटवत राहिला. लॉगबुक मात्र पूर्ण भरलेलं होतं. कुठल्या आठवड्यात काय शिकला ते एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं, खाली सुपरवायझरची सही. परीक्षेआधी तो माझ्याकडे आला. कानस धरताना हात थरथरत होता. पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली. अशी मुलं मी एकच पाहिली असती तर पत्र लिहिलं नसतं.

असं का होतं, हे सरळ आहे. कायद्याच्या कलम 18 नुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे त्याला किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. ही सवलत तो शिकतोय म्हणून दिलेली आहे. शिकणं काढून घेतलं की उरतो तो फक्त स्वस्त मजूर. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम देणं त्यांनी दंडनीय ठरवलं आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइमलाही मनाई केली. 2014 च्या दुरुस्तीत तुरुंगवासाची तरतूद गेली, दंड राहिला. पण शॉप फ्लोअरवर जाऊन कोणी बघतच नसेल, तर तो दंड कुणाला होणार?

चार किंवा अधिक राज्यांत पसरलेल्या आस्थापना केंद्राच्या अखत्यारीत जातात, हे मला माहीत आहे. पण चाकण, वाळूज, सातपूर या औद्योगिक वसाहतींमधले कितीतरी मध्यम कारखाने आपल्याच खात्याच्या कक्षेत आहेत.

विद्यावेतनाबद्दलही बोलायला हवं. 2019 च्या नियमांनी आयटीआय उत्तीर्ण उमेदवाराला किमान 7,000 रुपये ठरवले. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने 36 टक्के वाढीची शिफारस केली. दरम्यान, 2024 मध्ये आपल्याच सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत त्याच आयटीआयवाल्याला 8,000 रुपये देऊ केले. त्या योजनेत व्यवसाय परीक्षा नाही, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्रही नाही. मग वर्षभर मशीनवर उभं राहून पात्रता मिळवणाऱ्याला आधार का कमी? परगावाहून आलेला मुलगा कॉट बेसिसवर राहतो. भाडं, मेस आणि रोजचं येणंजाणं भागवलं की घरी पाठवायला काही उरत नाही. निदान हा फरक राज्याने आपल्या तिजोरीतून भरून काढावा.

मात्र विद्यावेतनातली भर आणि कारखान्यांची तपासणी या दोन्हींतलं एकच होणार असेल, तर मी तपासणी मागेन. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे त्या त्या ट्रेडचे शिल्पनिदेशक आहेत. त्यांना दर तीन महिन्यांनी कारखान्यात पाठवा. सुपरवायझरला बाजूला ठेवून उमेदवाराशी बोलू द्या. लॉगबुक वाचत बसण्यापेक्षा त्याच्या हातात मायक्रोमीटर द्या आणि एक माप घ्यायला सांगा. तो शिकतोय की नाही, ते पाच मिनिटांत कळतं. जिथे शिकवलं जात नाही तिथला उमेदवार वर्ष वाया न जाता दुसऱ्या आस्थापनेत हलवता येईल, अशी सोय करा. माझ्यासारख्या निवृत्तांना या कामाला बोलावलंत, तर आम्ही मानधनाची अट न घालता येऊ.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (फिटर)