दादा, बिअर म्हणजे नुसती बिअर नसते

प्रिय दादा आणि वहिनी,

परवा फोनवर दादा तू म्हणालास ना की बिअर शेवटी बिअरच, थंडगार असली की झालं, तिला मार्क कसले द्यायचे, तेव्हा मला धड उत्तरच देता आलं नाही. मी बसमधे होते, आवाज तुटत होता आणि तेवढ्यात माझा स्टॉप आला. पण ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज निवांत बसून लिहितीये. थोडं लांबेल, वहिनी तू पण वाच, कारण यातलं निम्मं तुझ्याच कामाचं आहे.

तर शनिवार-रविवार दोन दिवस बिअर फेस्टिव्हल होता. मोठ्ठा हॉल, भिंतीला लागून ओळीने स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर चार-पाच नळ, आणि आत शिरताना एक छोटा ग्लास देतात ज्याच्यावर १०० मिलीची रेघ असते. सगळीकडे तेवढीच घ्यायची. माझ्यासोबत ऑफिसमधली एक मैत्रीण होती, ती घरी स्वतः बिअर बनवते आणि स्पर्धांमधे मार्क द्यायला पण जाते. तिने आधीच सांगून ठेवलेलं, दिवसाला आठच, प्रत्येकीनंतर पाणी आणि साध्या पावाचा तुकडा, परफ्यूम मारायचा नाही, लिपस्टिक लावायची नाही. लिपस्टिक का नाही तर त्यातल्या तेलकटपणाने फेस लगेच खाली बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपापले मार्क लिहून होईपर्यंत एकमेकींशी बोलायचं नाही. एकीने "केळं" म्हणलं की दुसरीला केळंच लागतं, हे मी नंतर स्वतः अनुभवलं.

मार्क एकूण ५०. अमेरिकेत बीजेसीपी नावाची परीक्षकांची संस्था आहे १९८५ पासूनची, तिची ही पद्धत. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते (जड, पातळ, फसफसती) त्याला ५ आणि एकंदरीत कशी वाटली त्याला १०. दिसण्याला फक्त ३! आपण बिअर बघतो तेव्हा रंग आणि फेसच बघतो, आणि वास तर घेतच नाही, सरळ तोंडाला लावतो. इथे उलटं आहे. आधी ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालून दोन-तीन छोटे हुंगे घ्यायचे, लिहायचं, मग रंग बघायचा, आणि घोट सगळ्यात शेवटी. शिवाय वाईनसारखं थुंकायचं नाही, गिळायचं, कारण कडूपणा खरा कळतो तो गिळल्यानंतर मागे काय उरतं त्यावरून.

पहिली घेतली जर्मनीतल्या बव्हेरियाकडची गव्हाची बिअर, वाइसबिअर म्हणतात. गढूळ पिवळी, वर हा एवढा फेस. नाक घातलं आणि दादा खरं सांगते, पिकलेलं केळं आणि लवंग! अगदी स्पष्ट. मी स्टॉलवाल्याला विचारलं की यात केळं घालता का, तर तो म्हणाला काहीच नाही, गव्हाचं आणि जवाचं माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स, पाणी आणि यीस्ट. हा सगळा वास यीस्ट तयार करतं. पिकलेल्या केळ्यात वासाचं जे द्रव्य असतं तेच हे यीस्ट आंबवताना बनवतं, आणि लवंगेसारखं दुसरं एक द्रव्य पण. मी तिथेच दोन मिनिटं उभी राहिले नुसती हुंगत. इतकी वर्षं मला वाटायचं चव म्हणजे बनवणाऱ्याने जे घातलं ते. इथे तर न घातलेल्या गोष्टीचा वास येत होता. तिला मी ३८ दिले.

मग माझी मोठी चूक झाली, आणि ती सांगायलाच हवी कारण खरा मुद्दा तिथेच आहे. तिसरी बिअर म्हणून मी आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, घेतली, अमेरिकन पद्धतीची, भरपूर हॉप्सवाली. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, हिरवी, छोट्या शंकूसारखी, कडूपणा त्यांचा आणि बराचसा वास पण त्यांचाच. १९७२ मधे अमेरिकेतल्या ओरेगनमधून कॅस्केड नावाची हॉप्सची जात बाहेर आली, ग्रेपफ्रूटच्या सालीसारख्या वासाची, आणि तिकडच्या बिअरचा तोंडवळाच बदलला. मला ती आयपीए फार आवडली, ४१ दिले. लगेच पुढच्याच स्टॉलवर झेक पिल्सनर, म्हणजे तिकडची सोनेरी बिअर, होती ती घेतली. काहीच लागलं नाही. पाणी. खरंच सांगते, फिक्कट, पातळ, बेचव. मी २१ मार्क लिहिले आणि पुढे गेले. मैत्रिणीने माझा कागद बघितला, काही बोलली नाही, फक्त त्या २१ भोवती पेन्सिलने एक गोल काढला.

त्यानंतरच्या मी जरा सांभाळून घेतल्या. बामबर्ग नावाचं जर्मनीतलं एक गाव आहे, तिथे माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात, त्याची बिअर म्हणजे राउखबिअर. पहिला घोट घेतला आणि नको झालं, चुलीपुढे बसून धूर डोळ्यात जातो तसा धूर थेट घशात. २४ लिहिले. पण मैत्रीण म्हणाली थांब, हिला पहिल्या घोटावर मार्क देऊ नकोस, १०० मिली पूर्ण संपव. तिसऱ्या-चौथ्या घोटाला नाकाला धुराची सवय झाली आणि त्याच्यामागे लपलेला माल्टचा गोडवा वर आला, खमंग, पावाच्या कडक कडेसारखा. मी २४ खोडून ३६ केले. कागदावर अजून ती खाडाखोड तशीच आहे.

बेल्जियमची ग्योझ नावाची बिअर तर मी तुला शब्दात कशी सांगू कळत नाही. ब्रसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात बनते. माल्टचं, हॉप्स घालून उकळलेलं गोड पाणी रात्रभर उघड्या, उथळ तांब्याच्या किंवा स्टीलच्या हौदात निवत ठेवतात आणि हवेतलं, इमारतीतलं यीस्ट आपोआप त्यात येऊन पडतं, वेगळं काही घालतच नाहीत. म्हणून बनवायची ती फक्त थंडीच्या महिन्यांत, उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू फार. मग लाकडी पिंपात वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं ठेवतात आणि जुनी-नवी एकत्र करून बाटलीत भरतात, तिथे ती परत फसफसते. चव आंबट, कोरडी, आणि वास जुन्या लाकडाचा, गवताच्या गंजीचा, थोडा तबेल्याचा. तबेल्याचा वास चांगला कसा असेल असं तुला वाटेल, मलाही वाटलं, पण त्या आंबटपणासोबत तो इतका बरोबर बसतो की तो काढला तर ती उघडी पडेल. ४२. आणि पैज लावते वहिनी, तुला ही सगळ्यात जास्त आवडली असती. तुझं नाक या घरातलं सगळ्यात तिखट आहे. दूध उतू जायच्या आधी दुसऱ्या खोलीतून कळतं तुला, आम्हाला करपल्यावर कळतं. त्या हॉलमधे मला सारखी तुझी आठवण येत होती, की वहिनी असती तर तिने एका मिनिटात दहा वास सांगितले असते आणि मी मात्र "छान आहे" च्या पुढे जायला अर्धा तास घेतीये.

स्टाउट, म्हणजे काळी बिअर, घेतली तेव्हा ती फार थंड होती, नुसती करपट लागली. मैत्रिणीने ग्लास दोन्ही तळव्यांत धरायला सांगितला, दहा मिनिटं. जसजशी कोमट व्हायला लागली तसतसा कॉफीचा, मग कडू चॉकलेटचा वास यायला लागला. त्यात कॉफी नसते, जव कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत भाजतात त्याचा तो वास. तुझं "थंडगार असली की झालं" इथेच चुकतं बघ दादा. थंडीने जीभ आणि नाक दोन्ही झोपतात. ज्या बिअरमधे लपवण्यासारखं काही असतं ती गार दिली की कुणाला कळत नाही, आणि जिच्यात दाखवण्यासारखं असतं तिचं नुकसान होतं.

एक खराब पण निघाली. पेल एल होती, दिसायला एकदम सुंदर तांबूस, ३ पैकी ३ दिले मी दिसण्याला. वास घेतला तर काहीतरी ओळखीचं पण सुचेना. ओला पुठ्ठा! पावसात भिजलेलं खोकं आणून घरात ठेवल्यावर येतो ना तो. बिअरला हवा लागली, ती जुनी झाली की हा वास येतो म्हणे. मी आपली गप्प, म्हणलं आपल्याला काय कळतं. पण मैत्रीण स्टॉलवरच्या बाईंना जाऊन हळूच म्हणाली. त्या बाईंनी स्वतः थोडी ओतून घेतली, वास घेतला, एक घोट घेतला, चेहरा उतरला त्यांचा, आणि काही न बोलता त्या नळावर फडकं बांधून टाकलं. मग आम्हाला दोघींना थॅंक्यू म्हणाल्या. वाद नाही, "तुम्हाला कळत नाही" नाही. मला ते फार भावलं. त्यांनीच मग उन्हाचं पण सांगितलं, की हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात तुटतात आणि स्कंक नावाच्या प्राण्यासारखा घाण वास येतो, म्हणून बाटल्या तपकिरी असतात, हिरव्या आणि पांढऱ्या काचेत बिअर लवकर बिघडते.

आता दुसरा दिवस. सकाळी हॉल उघडल्या उघडल्या मैत्रिणीने मला सरळ त्या झेक पिल्सनरच्या स्टॉलवर नेलं. तोंड स्वच्छ, फक्त पाणी प्यायलेलं. म्हणाली, आता दे मार्क.

दादा, तीच बिअर. तोच नळ. फेस पांढराशुभ्र, दाट, घोट घेतला की ग्लासच्या आतल्या बाजूला जाळीसारखा चिकटून राहणारा. वास आधी ताज्या पावाचा, मग ओल्या गवताचा, मग कुठल्यातरी मसालेदार फुलाचा, तो झाटेट्स नावाच्या झेक गावाकडच्या हॉप्सचा. घोट घेतला तर आधी हलका गोडवा, मग कडूपणा आला, पण आयपीएसारखा अंगावर नाही, मऊ, गोल, आणि गिळल्यावर तोंड एकदम स्वच्छ, लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटणारं. मला अक्षरशः वाईट वाटलं. काल मी हिला २१ दिले होते. चूक माझ्या जिभेची होती, आयपीएच्या कडूने ती बधिर झाली होती, आणि मी दोष बिअरला दिला.

मग तिने मला प्लझेनची, म्हणजे पिल्सनर जिथली त्या झेक गावाची, गोष्ट सांगितली. १८३८ साली तिथली बिअर इतकी वाईट झाली की गावकऱ्यांनी ३६ पिंपं चौकात ओतून दिली असं सांगतात. मग गावाने मिळून नवीन ब्रुअरी काढली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला, आणि त्याने १८४२ मधे पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. बव्हेरियाची थंडीत हळूहळू आंबवायची पद्धत, इंग्लंडकडची फिक्कट माल्ट भाजायची पद्धत, आणि प्लझेनचं पाणी, जे अतिशय मऊ आहे, क्षार जवळजवळ नाहीतच. म्हणून तो कडूपणा टोचत नाही. उलट इंग्लंडमधे बर्टन नावाच्या गावचं पाणी जिप्समने भरलेलं, जड, तिथली पेल एल त्याच पाण्यामुळे कोरडी आणि खणखणीत कडू लागते. म्हणजे पाणी, ज्याच्याकडे आपण लक्षच देत नाही, तेच ठरवतं गावात कुठली बिअर चांगली होणार.

आणि मला जे तुला सांगायचंय ते हे की साधी बिअर बनवणं सगळ्यात अवघड. आयपीएमधे काही चुकलं तर हॉप्स झाकतात, स्टाउटमधे भाजलेला वास झाकतो, धुराखाली तर काहीही खपतं. पिल्सनरमधे लपायला जागाच नाही. जरा लोण्याचा वास राहिला, जरा उकडलेल्या मक्याचा आला, की लगेच कळतं. तिथे चूक न करणं हीच कारागिरी. मी तिला ४४ दिले, दोन दिवसांतल्या सोळा बिअरमधे सगळ्यात जास्त. मैत्रिणीने तिच्या कागदावर ४३ लिहिले होते आणि ते मी माझे लिहून झाल्यावरच बघितले.

तू जी थंडगार पिवळी बिअर पितोस ती याच पिल्सनरच्या कुळातली, जगात सगळ्यात जास्त तीच खपते, त्यामुळे सुरुवात तुला तिथूनच करता येईल. पुढच्या वेळी फ्रीजमधून काढून दहा मिनिटं तशीच ठेव, बाटलीतून पिऊ नकोस, साबणाचा अंश नसलेल्या स्वच्छ ग्लासमधे ओत, फेस येऊ दे. ग्लासच्या कडांना आतून बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास अजून तेलकट आहे असं समज. मग आधी वहिनीला नुसता वास घ्यायला दे, तिला प्यायची नसली तरी. ती काय म्हणते ते लिहून घे, आणि मग तू तुझं लिही, आधी बघू नकोस हं तिचं.

माझ्या सोळा बिअरच्या कागदांचे फोटो वेगळे पाठवतीये, खाडाखोडीसकट. त्यात चार नंबरवर २१ च्या भोवती तो पेन्सिलचा गोल दिसेल, आणि नऊ नंबरवर ४४.

आईबाबांना नमस्कार सांग. तुमचे दोघांचे मार्क कळवा, वेगवेगळे.

तुझी,
छोटी