चोरीची क्लिप फिरवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुकतीच एक सीसीटीव्हीची क्लिप फिरली. पर्समध्ये क्रीमची ट्यूब टाकणारी बाई, तिच्या चेहऱ्याभोवती लाल गोल आणि खाली ‘ओळखा हिला’. मी औषधांचं दुकान चालवतो. भुरट्या चोऱ्यांचा फटका मलाही बसतो, त्यामुळे दुकानदारांचा संताप मला कळतो. पण चोरी का झाली याची चौकशीही न करता माणसाला असं चव्हाट्यावर आणणं मला अजिबात पटत नाही.

आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त गृहस्थ, खोकल्याच्या गोळ्यांची पाकिटं उचलून सरळ खिशात घालायचे. लपवाछपवी नाही, आणि त्याच खिशात नोटाही असायच्या. शेवटी मुलाला बोलावलं. तो ओशाळून म्हणाला, “काका, बाबांना स्मृतिभ्रंश आहे. आपलं काय नि दुसऱ्याचं काय, हे त्यांना उमगतच नाही.” मेंदूच्या पुढच्या भागावर परिणाम करणाऱ्या स्मृतिभ्रंशात असं होतं. क्लेप्टोमेनिया हा आणखी निराळा आजार. वस्तूची गरज नसते, बऱ्याचदा ती घ्यायची ऐपतही असते, पण उचलण्याआधी जीव कासावीस होतो, उचलली की हायसं वाटतं आणि मग मन खात राहतं. हा आजार विरळा आहे, बहुतेक चोर त्यात मोडत नाहीत. मात्र ज्यांना तो आहे ते आधीच लाजेपोटी डॉक्टरकडे जात नाहीत. क्लिप फिरल्यावर तर कुठले जाणार!

नोकरांच्या चोरीमागचं कारण बहुधा वेगळं असतं. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी अभ्यासकाने अफरातफरीत सजा झालेल्या कैद्यांशी बोलून 1953 साली ते मांडलं. कुणापाशी बोलता न येणारी पैशाची अडचण, हाताशी आलेली संधी आणि ‘उसनेच घेतोय, परत ठेवीन’ अशी स्वतःची घातलेली समजूत. माझ्या गल्ल्यातून पैसे जाऊ लागले तेव्हा तंतोतंत हेच निघालं. पोरगा कामाला चोख, पण मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या नादात कर्जात बुडालेला. कर्ज देणारे अॅपवाले नातेवाइकांना फोन करण्याची धमकी देत होते. घरी सांगायची सोय नाही, माझ्याकडे उचल मागावी तर कारण सांगावं लागणार. वडिलांना समोर बसवून हिशेब केला, पैसे पगारातून वळते केले. आज तो माझ्याकडेच आहे.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात चोरी झाली की बोट आधी पारध्यांच्या पालाकडे जातं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, संशय गेला नाही. त्यांच्या पोराला दुकानात कामाला किती जण ठेवतात? काम द्यायचं नाही आणि पोट भरतो कसा म्हणून संशय घ्यायचा, हा अन्याय आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 303 खाली पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. मला ही तरतूद मनापासून पटली. परंतु माल ठेवलेल्या इमारतीतली चोरी कलम 305 मध्ये आणि नोकराने केलेली 306 मध्ये जाते. दोन्हींत सात वर्षांपर्यंत कैद, आणि ही सवलत नाही. म्हणजे दीडशे रुपयांच्या ट्यूबसाठीही 305 लागू शकतं. ही सवलत या दोन्ही कलमांतल्या किरकोळ, पहिल्या चोरीलाही मिळायला हवी. तोवर 1958 चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहेच. पहिल्या अपराधात न्यायालय समज देऊन सोडू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याकडून घरची परिस्थिती जाणून घेऊ शकतं. वकिलांनी तशी मागणी करायला हवी.

दुकानदारांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे. क्लिप पोलिसांना जरूर द्या, ग्रुपवर टाकू नका. माणूस सापडला तर आधी घरच्यांना फोन करा. आजाराची शंका आली तर 14416 हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली मानस सेवेचा मोफत क्रमांक त्यांना द्या. मी तो काउंटरवर चिकटवला आहे.

आपला,
एक औषध विक्रेता, बार्शी