डोकं दहाचं, बोल्ट सहाचा

संपादक महोदय,

टॅपेट कव्हरचं, ऑइलची गळती अडवणारं पॅकिंग घरच्या घरी बदलून मजुरी वाचवायला कुणाची हरकत नसावी. (टॅपेट कव्हर म्हणजे बॉनेट उघडल्यावर दिसणारं, रबरी बुशांवर दाबून बसवलेलं काळं प्लॅस्टिकचं झाकण नव्हे, त्याच्या खालचं, हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, बोल्टने बसणारं.) पण मोबाइलवरचे बहुतेक व्हिडिओ शेवटाला येऊन 'आता सगळे बोल्ट नीट आवळून घ्या' म्हणतात आणि मोकळे होतात. नीट म्हणजे किती? काम नासतं ते तिथंच.

घोळ पान्यापासून सुरू होतो. या बोल्टना बहुधा दहाची गोटी (सॉकेट) लागते, म्हणून तो दहाचा बोल्ट समजला जातो. दहा मिलिमीटर हे नुसत्या डोक्याचं माप. अंग सहा मिलिमीटरचं, आणि तेही शिरतं ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. त्याला साधारण 7 ते 11 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, पुरतो; आपल्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. चाकाच्या नटांना याच्या जवळपास दहापट लागतो. चाकं बदलून बदलून हाताला जे 'घट्ट' कळतं, ते इथं घातकच. लांब दांड्याच्या रॅचेटला शेवटचा झटका दिला की बोल्ट एकदम हलका होतो आणि नुसता फिरत राहतो. आटे गेले. नाहीतर डोकं तुटून गोटीत येतं. पुढे ड्रिल मारून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवण्याचा खर्च वाचवलेल्या मजुरीपेक्षा जास्त.

एवढं करून गळती थांबते म्हणावं, तर तेही नाही. कव्हरच्या खाचेतलं रबरी पॅकिंग ठरावीकच दबायला हवं. बऱ्याच इंजिनांत बोल्टलाच खांदा असतो. तो टेकला की पॅकिंग जेवढं दबायचं तेवढं दबलेलं असतं, त्यापुढचा सगळा जोर आट्यांवर. खांदा नसेल तर कव्हर बोल्टपाशी खाली ओढलं जातं, दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखं उचलतं आणि ऑइल तिथून पाझरतं. ते पाहून माणूस आणखी आवळतो. ही सवय अँबॅसॅडरच्या जमान्यातली. तेव्हा पत्र्याच्या कव्हरखाली बुचाचं पॅकिंग असे. ते बसत जाई, म्हणून काही दिवसांनी पुन्हा पाना फिरवावा लागे. आजच्या रबराला त्याची गरज नाही. उष्णतेने कडक झालेलं रबर तर आवळून मऊ होत नाही, ते बदलायचंच.

काम इंजिन पूर्ण थंड असताना करावं. सोडताना कडेकडून मध्याकडे, बसवताना मध्यापासून कडांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून. हेडचा काठ प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. पात्याचा एक ओरखडाही ऑइलला वाट देतो. बोल्टच्या भोकात ऑइल उतरलं असेल तर कापडाची वात घालून टिपून घ्यावं. तळाशी बंद असलेल्या भोकात ऑइलला जायला जागा नसते, आणि बोल्ट वरून दाबत आला की हेडला तडा जाऊ शकतो. आट्यांना ऑइल लावण्याची हौसही आवरावी: त्याच टॉर्कवर तेलकट बोल्ट कोरड्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त ताणला जातो. सिलिकॉन लावायचं ते मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, म्हणजे मुख्यतः टायमिंग कव्हर (इंजिनाच्या टोकाचं झाकण) आणि हेड मिळतात त्या कोपऱ्यांत, ज्वारीच्या दाण्याएवढं. काही जण सगळ्या काठाला शेलॅक (चिकट लेप) फासतात. त्याचे तुकडे आत पडून सम्पमधली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथली, जाळी तुंबते, मग ऑइलचा दाब उतरतो.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावावेत. पहिले दोन-तीन आटे हातानेच जायला हवेत. अडला तर बोल्ट तिरका आहे, पाना लावू नये. त्यानंतर एका फेरीत निम्मा टॉर्क, दुसरीत पूर्ण. टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्याला आवाज देणारा पाना, 'टक' वाजला की थांबायचं. खात्रीसाठी काढलेला दुसरा टक म्हणजे वरचा भार.

टॉर्क पानाही योग्य हवा. चाकांसाठी घेतलेला हाफ इंची (हे गोटी बसते त्या चौकोनाचं माप), 28 ते 210 न्यूटन मीटरचा पाना इतकं खाली मोजतच नाही. 5 ते 25 चा पाव इंची लागतो. एककं तपासावीत. 1 केजी-मीटर आणि 10 न्यूटन मीटर जवळपास एकच, पण 10 फूट-पाउंड म्हणजे साडेतेरा न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर बॅगा तोलायचा हुकाचा काटा चालवता येतो. रॅचेटच्या दांड्यावर गोटीच्या मध्यापासून बरोबर 10 सेंटिमीटरवर खूण करावी, तिथं हूक अडकवून काटकोनात सावकाश ओढावं. काटा जितके किलो दाखवेल, जवळपास तितके न्यूटन मीटर. आठ हवे असतील तर आठ किलोला थांबावं.

नवं पॅकिंग, बेताचा टॉर्क, तरी काठ ओला होत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या वायूंना वाट देणारी झडप, पाहावा. तो तुंबला की क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या पोटातला, दाब ऑइलला पॅकिंगमधून बाहेर ढकलतो, आणि दोष उगाच पॅकिंगवर येतो.

आता मागणी. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत टायरची हवा आणि ऑइलचे लिटर असतात. टॅपेट कव्हरच्या बोल्टचा आकडा क्वचितच सापडतो. तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या हाती न येणाऱ्या पुस्तकात. टॅपेट कव्हर, ड्रेन प्लग (ऑइल काढण्याचा बोल्ट) आणि स्पार्क प्लग या तिघांचे टॉर्क छापायला कंपन्यांना दोन ओळी पुरतील. आपल्या वाहनविषयक पानानेही नव्या गाडीच्या मायलेजशेजारी हे तीन आकडे कंपनीकडून मागवून छापावेत.

गाडी दुरुस्तीच्या कामातला एक वाचक,
कोल्हापूर