मेलबर्नहून, गच्चीवरच्या सोलरसाठी

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबांचा आवाज एवढा पडलेला वाटला की रात्रभर तेच डोक्यात होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोलरचा विषय परत पुढे ढकलला, पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतात आमचा गच्चीशी काय संबंध, बाकीचे म्हणतात एवढे पैसे एकदम कुठून काढायचे. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

गेल्या रविवारी आम्ही क्राउलंड्सला जाऊन आलो. इथून दोनेकशे किलोमीटर, ॲरारट गावाच्या जवळ. टेकड्यांवर 39 पवनचक्क्या आहेत, आपण चाळकेवाडीला बघितल्या होत्या तशाच, पण खूपच थोराड. खाली मेंढ्या चरत होत्या, पात्याची सावली गवतावरून सरकत त्यांच्या अंगावरून जायची आणि एकही मेंढी मान वर करत नव्हती. मी कितीतरी वेळ कुंपणाला टेकून तेच बघत उभी होते.

बाबा, हे मुद्दाम तुमच्यासाठी. या पवनचक्क्या उभ्या राहायच्या आधीच त्यांची वीज घ्यायचा करार झाला होता. मेलबर्नची सिटी कौन्सिल म्हणजे इथली महापालिका, शेजारच्या काही कौन्सिल, युनिव्हर्सिट्या, बँका, अगदी प्राणिसंग्रहालयंसुद्धा, असे 14 जण एकत्र आले आणि 10 वर्षं वर्षाला 88 गिगावॅट तास, म्हणजे 8 कोटी 80 लाख युनिट आम्ही घेणार असं लिहून दिलं. वारा फुकट असतो पण खर्च सगळा आधी करावा लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक पक्कं असलं की कर्ज मिळायला सोपं जातं. 1 जानेवारी 2019 पासून कौन्सिलच्या इमारती, रस्त्यावरचे दिवे, सगळं या करारातल्या विजेवर आहे. अख्खं शहर नाही हं, फक्त कौन्सिलचा स्वतःचा वापर. इथल्या लॅट्रोब व्हॅलीतलं हेझलवूडचं कोळशाचं वीजकेंद्र 2017 ला बंद झालं तरी तिथली बाकीची केंद्रं अजून कोळसा जाळतायत. पण कौन्सिलने आधी स्वतःच्या बिलापासून सुरुवात केली हे मला फार पटलं.

आपल्या पुणे महापालिकेने असं करावं असं मनापासून वाटतं. खडकवासल्याचं पाणी शुद्ध करून टेकडीवरच्या टाक्यांत चढवायचं म्हणजे रात्रंदिवस पंप चालू, शिवाय शहरभरचे दिवे. पुणे, पिंपरी-चिंचवड, विद्यापीठ, मेट्रो यांनी मिळून असा एक मोठा करार केला तर केवढं काम होईल!

आणि तिथे उभं असताना मला आजी आठवली. मुळशीची धरणाखाली गेलेली भातखाचरं, तिच्या वडिलांनी तिला सांगितलेलं सगळं, 1921 चा सत्याग्रह, सेनापती बापट, "जान किंवा जमीन". पाण्यावरची वीज, कोळसा नाही की धूर नाही, पण ती गेली मुंबईला आणि मावळातल्या माणसाची जमीन गेली ती गेलीच. इथे पवनचक्कीसाठी शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर राहते, वर्षाला भाडं मिळतं, मेंढ्याही चरतात. पुण्याने उद्या बाहेरून वीज आणायची ठरवली तर ती कोणाच्या शेतातून येते आणि त्याच्या हातात काय पडतं हे करारात आधी लिहिलेलं पाहिजे, नाहीतर आजीच्या घरचं झालं तेच दुसऱ्या कोणाच्या घरी होईल.

आता सोसायटीचं. सोलरने कमी होणार ते सगळ्यांचं कॉमन बिल, लिफ्टचं आणि पाण्याच्या मोटरचं. काका लिफ्ट वापरत नसतील पण त्यांच्या नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच येतं ना, आणि ती टाकी भरते कॉमन मीटरवरच्या मोटरने. म्हणजे बिल त्यांचंही आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये सबसिडी आहे, म्हणजे 10 किलोवॅटला 1,80,000, आणि तेवढ्यातून दिवसाला साधारण 40 युनिट निघतात. पावसाळ्यात कमी होतील, पण नेट मीटरिंगमुळे उन्हाळ्यातली जास्तीची युनिट पुढच्या बिलात वळती होतात. महापालिका मिळकतकरात सूट देते ती वेगळी. आणि एकट्याने कोटेशन मागवू नका, शेजारच्या दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना घरी चहाला बोलवा, तिघांनी मिळून मागवलं तर भाव नक्की कमी होईल. इथल्या 14 जणांनी तरी वेगळं काय केलं?

आई, तुझ्या वाळवणाची जागा जाणार नाही. पॅनल उंच सांगाड्यावर बसवून घेता येतात, खाली माणूस आरामात उभा राहील एवढे, फक्त पापडांना ऊन हवं म्हणून पूर्वेची कड मोकळी ठेवायला सांग.

बाबा, जिन्यातल्या मीटरच्या वर्षभराच्या बिलांचे फोटो काढून पाठवा, एप्रिल-मेची नक्की. मी हिशोब मराठीत नीट मांडून देते, पुढच्या मीटिंगच्या आधी सगळ्यांच्या हातात पडेल असं बघू.

तुमची,
धाकटी