शिरेतल्या सुईचं टोक ओळखायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे आभारपत्र मुद्दाम उघड लिहीत आहोत, कारण तुम्ही शिकवलेलं इतर वॉर्डांतल्या परिचारिकांच्याही कामाचं आहे. बटणं दाखवण्याआधी तुम्ही शिरेत सुई घालताना वापरायचं प्रत्येक यंत्र नेमकं काय मोजतं आणि काय मोजत नाही, हे समजावलंत. सर्वांत मोठे आभार त्याचे.

व्हेन फाइंडर म्हणजे प्रकाशाने शीर दाखवणारं यंत्र. त्याचा अवरक्त प्रकाश शिरेतलं रक्त जास्त शोषतं, म्हणून कातडीवर शीर गडद रेघेसारखी उमटते. पण साधारण ८ ते १० मिलिमीटरपलीकडची शीर त्यात दिसत नाही, आणि दिसणारी किती खोल आहे तेही कळत नाही. यंत्र तिरकं धरलं की रेघ बाजूला सरकते. सरळ भाग निवडायला, फाटे टाळायला हे यंत्र छान. सुई किती आत न्यायची ते त्याला विचारू नये, हे तुमचं म्हणणं पटलं.

खरा फरक पडला तो सोनोग्राफीत. प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा सोनोग्राफीचा भाग, शिरेला आडवा धरला की सुईचं टोक आणि सुईची दांडी, दोन्ही सारखाच पांढरा ठिपका दाखवतात. दांडीलाच टोक समजून सुई पुढे रेटली की शिरेची मागची भिंत फुटते आणि रक्त साकळून हाताला गाठ येते. ठिपका दिसला की सुई थांबवायची. प्रोब एक-दोन मिलिमीटर पुढे घ्यायचा. ठिपका गायब झाला तरच ते टोक होतं. मग ठिपका परत दिसेपर्यंतच सुई सरकवायची, पुन्हा प्रोब पुढे. शिरेच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध पांढरा ठिपका आला, फ्लॅश आला, म्हणजे सुईमागे रक्त दिसलं, तरी कॅन्युला (सुईवर चढवलेली, शिरेत ठेवायची नळी) सुईवरून लगेच पुढे सरकवायचा नाही, कारण सुईचं टोक कॅन्युलाच्या तोंडापेक्षा जरा पुढे असतं. कोन कमी करून शिरेच्या आतच आणखी ५ ते १० मिलिमीटर जायचं. एवढं पाळलं की 'फ्लॅश आला पण कॅन्युला सरकेना' ही तक्रार बरीच कमी होते.

प्रोब हलका धरायचा, करंगळी रुग्णाच्या हातावर टेकवून; दाबला की शीर चपटी होऊन दिसेनाशी होते. तोच दाब आधी मुद्दाम देऊन पाहायचा: शीर सहज दबते, धमनी ठोके देत राहते.

लांबीचा हिशोबही तुमचाच. शीर १ सेंटिमीटर खोल, कोन ४५ अंश, म्हणजे १४ मिलिमीटर कॅन्युला मांसातच जातो. ३२ मिलिमीटरच्या गुलाबी कॅन्युलाचे जेमतेम १८ शिरेत उरतात. निदान दोन तृतीयांश आत हवा, नाहीतर हात हलला की तो बाहेर सरकतो आणि सलाईन मांसात उतरतं. अशा ठिकाणी ४८ मिलिमीटरचा लांब कॅन्युलाच घ्यावा.

टोकावर इलेक्ट्रोड असलेली सुई विजेला होणारा विरोध मोजते. चरबीपेक्षा रक्तातून वीज कितीतरी सहज वाहते, म्हणून टोक रक्तात शिरताच आकडा एकदम पडतो. पण साकळलेल्या गाठीतही रक्तच असतं, आणि धमनीतही! टोक सलाईनने ओलं असेल तरी आकडा फसवतो. सुईची जागा ओळखून तिची रेघ पडद्यावर काढणाऱ्या चुंबकीय सेन्सरचं वेगळंच: पलंगाचा लोखंडी कठडा जवळ असला की ती रेघ भरकटते. शिवाय ती रेघ सुई सरळ आहे असं धरूनच काढलेली असते, आणि बारीक सुई मांसात वाकते.

एकाच्या हातून दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा दुसऱ्याने टोचायचं, यंत्र कितीही चांगलं असलं तरी, हा तुमचा आग्रह आम्ही पाळतो. केमोथेरपीने शिरा कडक झालेले रुग्ण, अंगावर सूज असलेले रुग्ण, तान्ही बाळं यांचं टोचणं त्यामुळे कमी होतं. त्यांच्या वतीनेही मनापासून आभार.

आपल्या,
वॉर्डातल्या सर्व परिचारिका