कसुतीची उलटी बाजू वाचायला शिकवणाऱ्या धारवाडच्या मावशींना

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

आपल्याकडे धारवाडला राहून मी चार दिवस जी कसुती, म्हणजे तिकडचे धागे मोजून केले जाणारे भरतकाम, शिकले, त्यातून सुरू झालेली स्टोल परवा पूर्ण झाली. आपले आभार खाजगी पत्रातून मानता आले असते, परंतु आजीची किंवा पणजीची इरकल ट्रंकेत जपून ठेवलेल्या आणि तिच्यावरची नक्षी नव्या कापडावर कशी उतरवावी या विचारात असलेल्या अनेक जणी माझ्या ओळखीत आहेत. आपण मला जे दिले ते त्यांच्यापर्यंतही पोहोचावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

माझ्या आजीची साडी आपण पाहिली आहे. गडहिंग्लजला तिच्या लग्नात आलेली ती काळी चंद्रकळा, लाल काठाची, घड्यांवर विरलेली. पदराजवळ मोठी गोपुरे, त्यांच्या पुढे पालख्या आणि हत्ती, आणि अंगाकडे जाता जाता लहान होत गेलेली तुळशीवृंदावने. कापड हातात धरवत नव्हते, मात्र नक्षी बरीचशी शाबूत होती आणि ती भाचीच्या अंगावर पुन्हा दिसावी अशी माझी इच्छा होती.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी दोन वेळा चुकले होते. पहिल्या खेपेस साडीचा फोटो मोठा करून, कार्बन पेपरने कापडावर छापून मी त्यावरून टाके घातले, आणि प्रत्येक रेघ थोडी थोडी कलत गेली, कारण कसुती छापून होत नाही, ती धागे मोजूनच होते. दुसऱ्या खेपेस संगणकावर फोटोवरून आलेख काढला. त्याने नक्षीची भरलेली घरे करून दिली, जणू सगळे काम फुली टाक्याचेच आहे. कसुतीत फुलीसारखा मेंथी टाका आहे, विणल्यासारखा दिसणारा नेगी आहे, परंतु आजीच्या गोपुरांचा सांगाडा गावंती (सरळ रेघेचा) आणि मुर्गी (पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा) या दोन टाक्यांचा आहे, आणि त्या टाक्यांची रेघ घराच्या आत न भरता घराच्या कडेवरून धावते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

आपण माझे कागद बाजूला ठेवलेत, भिंग आणि टाचणी मागितलीत आणि साडी उलटी केलीत. गावंतीचे काम दोन्ही बाजूंनी सारखे दिसते हे मला ठाऊक होते. जाताना एकाआड एक टाका घालायचा आणि येताना राहिलेल्या जागा भरायच्या, हेही वाचलेले होते. (याच टाक्याला युरोपात हॅन्स होल्बाइन या चित्रकाराच्या नावाने ओळखतात, कारण त्याने रंगवलेल्या व्यक्तिचित्रांतील पोशाखांवर हे काम दिसते.) परंतु हत्तीच्या शेपटीजवळ आपण टाचणी टेकवलीत, तिथे मला प्रथमच दिसले की दोरा झिजला आहे तोही एकाआड एक. म्हणजे जाण्याचा दोरा तुटला होता आणि येण्याचा राहिला होता. मोकळ्या जागी सुईची बारीक भोके तशीच होती. त्या भोकांवरून आपण मला दाखवलेत की भरणारी बाई पाठीवरून निघून शेपटीत उतरली, टोकाला वळून शेपटी पुरी करून पुन्हा पाठीवर आली आणि मगच पुढे गेली. कोणत्याही आलेखात हा रस्ता नसतो, आणि तो कळला नाही तर सुई मध्येच अडकते, मागे लांब दोरा ओढावा लागतो आणि उलटी बाजू बिघडते. तो सबंध दिवस मी एकही टाका घातला नाही, नुसते टाचणीने रस्ते शोधत राहिले. माझ्या दृष्टीने चार दिवसांतला तोच सर्वांत मोलाचा दिवस होता.

येतानाचा टाका आधीच्या टाक्याच्या एका अंगाने वर काढावा आणि पुढच्या टाक्याच्या दुसऱ्या अंगाने खाली न्यावा, म्हणजे रेघ सरळ बसते, हे आपण माझे बोट धरून करवून घेतलेत. त्यापूर्वीच्या माझ्या रेघा करवतीच्या दात्यांसारख्या होत्या.

पुढचे काम नक्षी नव्या मापात बसवण्याचे होते. आजीच्या गोपुराची रुंदी ८४ घरे भरली. इंचाला १४ घरांच्या मॅटीवर (चौकटी सहज मोजता येतील अशा भरतकामाच्या कापडावर) ते बरोबर ६ इंचांचे झाले असते. स्टोलचे कापड इतके दाट होते की त्याचे धागे मोजणे शक्य नव्हते, म्हणून त्यावर इंचाला ११ घरांची जाळी टाचून, भरून झाल्यावर जाळीचे धागे एक एक करून ओढून काढायचे ठरले, आणि त्या जाळीवर तेच गोपूर साडेसात इंचांच्या पुढे जात होते. वीस इंच रुंदीत तीन गोपुरे मावेनात. मी नक्षी टक्केवारीने लहान करायला निघाले होते. आपण म्हणालात की अर्धे घर कसुतीत नसते, मजला काढा. खालचे दोन मजले कमी करून दरवाजा वर सरकवला, रुंदी ६२ घरांवर आली, आणि ती सम असल्यामुळे कळस मधल्या रेघेवर नेमका उभा राहिला. हत्तीचेही तसेच झाले. साडीच्या उभ्याआडव्या धाग्यांची दाटी सारखी नसल्याने तिथे तो उंच दिसत होता, जाळीच्या चौकोनी घरांवर बुटका झाला, आणि आपण सांगितल्याप्रमाणे पायांत एक आडवी ओळ वाढवताच पुन्हा आजीच्या हत्तीसारखा दिसू लागला.

रंगांच्या बाबतीत मी आपले पूर्णपणे ऐकले नाही. काळ्याऐवजी गर्द निळे कापड घेतले, कारण भाचीला ते हवे होते. मोठी नक्षी पदराकडे आणि लहान अंगाकडे हा क्रम मात्र मोडलेला नाही, कारण तो मोडला असता तर ती केवळ चित्रांची रांग झाली असती.

आपण आपला पूर्ण वेळ दिलात, पैशाचे नाव काढू दिले नाहीत, आणि ज्वारीची भाकरी वाढताना आजीची चौकशी केलीत, याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे. तयार केलेले गोपूर, पालखी आणि हत्तीचे आलेख, टाक्यांच्या रस्त्यांचे बाण दाखवून, मी मागेल त्या प्रत्येकीला विनामूल्य देत आहे. आपली तशी अट होतीच, आणि माझीही तीच इच्छा आहे.

सोबत स्टोल आपल्या पाहणीसाठी पाठवत आहे. घडी उलटी बाजू वर येईल अशी घातली आहे. दुसऱ्या पालखीच्या दांड्याजवळ माझा रस्ता एका ठिकाणी चुकला असावा असे वाटते. आपण पाहून कळवावे, म्हणजे उसवून पुन्हा भरीन.

आपली नम्र,
पुण्याची आपली विद्यार्थिनी